दिव्यांच्या दुकानातला क्लॅरिनेट

कागदाच्या गिरणीत त्याला सगळे शिट्टी म्हणायचे, आणि हे नाव त्याला दोन बाजूंनी चिकटलं होतं. एक तर तो बॉयलरवर कामाला होता आणि त्याचा स्वतःचा बॉयलर गिरणीच्या बॉयलरपेक्षा लवकर तापायचा. कुणी पाना जागेवर ठेवला नाही, कुणी जेवणाच्या सुट्टीवरून उशिरा आलं, कुणी नुसतं "काय, आज गप्प गप्प?" असं विचारलं, की त्याच्या कानशिलावरची शीर ताडताड उडायला लागायची. दुसरी बाजू बँडची. गिरणीच्या बँडमध्ये पहिल्या दिवशी त्याच्या हातात क्लॅरिनेट दिला, तेव्हा त्याने सगळा जीव एकवटून जी फुंकर मारली, तिच्यातून निघालेल्या किंकाळीने मालकांचा कुत्रा टेबलाखाली शिरला होता.

पण पुढे तो वाजवायला शिकला, आणि चांगलं शिकला. वाजवताना त्याला राग येत नसे. बायको म्हणायची, "ह्यांचं तोंड बंद ठेवायला देवाने एवढी एकच वस्तू केली."

बँड हा जुन्या मालकांचा शौक होता. नवं यंत्र सुरू होताना, कुणी पाहुणा आला की, वर्षाच्या सभेला, गिरणीचे कामगार निळे कोट घालून वाजवायचे. वाद्यं गिरणीची. कँटीनच्या भिंतीतल्या लाकडी कपाटात ती असायची. त्यात क्लॅरिनेट दोन होते. पहिला शिट्टीकडे, चाल त्याच्याकडे, वरचे सूर त्याच्याकडे, टाळ्याही त्याच्याच. दुसरा अंगठ्याकडे.

अंगठ्या म्हणजे कागद कापायच्या यंत्रावरचा माणूस. रोलरखाली त्याच्या उजव्या अंगठ्याचं पेर गेलं आणि नाव तेवढं वाढलं. क्लॅरिनेटचा सगळा भार उजव्या अंगठ्यावर असतो. मागच्या अंगाला धातूचा एक छोटा टेकू असतो, त्याखाली अंगठा द्यायचा आणि बाकीची बोटं मोकळी ठेवायची. बँडमास्तर म्हणाले, आता झांजा वाजव.  अंगठ्याने तो टेकू उखडला, दोन बोटं वर सरकवून नव्या स्क्रूंनी बसवला, त्याला पत्र्याची रुंद जीभ जोडली आणि तुटक्या अंगठ्याने क्लॅरिनेट उचलून धरला. त्या दिवशी शिट्टीने त्याच्या पाठीवर थाप मारली होती. त्यांचं तेव्हा इतकं जमायचं की पगाराच्या दिवशी एकाची बायको दुसऱ्याच्या घरी चौकशी करायची.

मग संप झाला. बँड गिरणीच्या फाटकाबाहेर बसून वाजवत होता. शिट्टी चालीच्या ऐन मध्यावर असताना शेजारून आवाज थांबला. त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, तर अंगठ्याने क्लॅरिनेट पेटीत ठेवला, पेटी खुर्चीवर ठेवली, आणि सगळ्यांच्या देखत फाटकातून आत कामावर गेला.

त्यानंतर शिट्टी त्याच्याशी बोलला नाही. संप निम्मा जिंकून, निम्मा हरून मिटला, बँड पुन्हा सुरू झाला, दोघं पुन्हा शेजारी बसले. स्वरलिपीचा कागद दोघांत एकच. पान उलटायचं काम अंगठ्याचं. पान उलटायची वेळ आली की शिट्टी मान हलवायचा. गिरणी बंद पडेपर्यंत त्यांच्यात बोलणं म्हणून होतं ते एवढंच.

गिरणी नव्या लोकांनी घेतली. त्यांना जागा हवी होती, कागद नको होता. कपाट वाद्यांसकट भंगारवाल्याला गेलं. शिट्टी फाटकावर जाऊन ओरडला होता की निदान ज्याचं वाद्य त्याला द्या. मॅनेजरने खिडकीतून सांगितलं, "वाद्यं गिरणीची होती, तुमची नव्हती." त्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच शिट्टीला त्याचा जास्त राग आला. पुढे त्याला मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात बॉयलर सांभाळायचं काम मिळालं. चादरी, गाऊन, टॉवेल उकळत्या पाण्यातून निघायचे, गरम रोलरवरून जायचे, आणि शिट्टी वाफेचा काटा बघत दिवसभर कुणावर ना कुणावर खेकसत असायचा. केस गेले, वरचे पुढचे दात गेले, तिथे कवळी आली. राग तेवढा होता तसा राहिला.

एका दुपारी बॉयलरच्या पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी तडकली. नवी आणायला तो स्वतःच निघाला. हार्डवेअरच्या दुकानाच्या अलीकडे एक नवं दुकान झालं होतं. काचेमागे दिवे मांडले होते. शिवणयंत्राचा दिवा, पाण्याच्या पंपाचा दिवा, टाइपरायटरचा दिवा. आणि मधोमध, उभा केलेला एक ट्रम्पेट. त्याच्या तोंडातून बल्ब वर आला होता आणि डोक्यावर पिवळी टोपी होती.

शिट्टी पुढे गेला, आणि चार पावलांवरून परत आला. ट्रम्पेटच्या कडेला खोक होती. ती खोक त्याच्या ओळखीची होती. मालकांच्या वाढदिवसाला बँड लॉरीतून उतरत असताना, तो वाजवणाऱ्या फोरमनच्या हातून पडला होता, आणि फोरमन, एवढा आडदांड माणूस, तिथेच रस्त्यावर रडकुंडीला आला होता. फोरमनला जाऊन आता बरीच वर्षं झाली होती.

शिट्टी दार ढकलून आत शिरला. दुकानदार तरुण होता, अंगात जाड कापडाचा एप्रन, कानामागे पेन्सिल.

"या काका. आवडला का? वाचायला बसलात तर उजेड अगदी पानावर पडतो."

"हा कुठून आणलास?"

"जुना माल होता एकाकडे. पूर्ण बँडच होता म्हणा ना. धूळ खात पडला होता बिचारा."

"बिचारा?" शिट्टीची शीर उडायला लागली. "ह्याच्या पोटात तू वायर घातलीस आणि वर बिचारा म्हणतोस? हे काय आहे तुला माहीत आहे का?"

"ट्रम्पेट," दुकानदार सरळपणे म्हणाला.

 शिट्टीने दातओठ खात आजूबाजूला पाहिलं. मागच्या टेबलावर ड्रिलचं यंत्र होतं आणि त्याच्याशेजारी, जुन्या फडक्यावर, एका क्लॅरिनेटचे तुकडे ओळीने मांडले होते. 

"हा पण दिवा होणार?"

"हो. एका हॉटेलची ऑर्डर आहे. त्यांना जोडी हवी होती. एक देऊन झालाय, काय सुंदर दिसतो काउंटरवर! हा दुसरा शनिवारी न्यायला येणार."

एक देऊन झालाय. शिट्टी टेबलापाशी गेला आणि न विचारता तुकडे उचलायला लागला. काळं लाकूड कोरडं पडून करडं दिसत होतं. चाव्यांखालच्या गाद्या वाळून कडक झालेल्या, एक तर नुसती धूळच. वरच्या तुकड्याला केसाएवढी चीर. त्याची बोटं सगळीकडून फिरत खाली आली, मागच्या अंगाला गेली, आणि थांबली. टेकू जागेवर नव्हता. दोन बोटं वर होता, आणि त्याला पत्र्याची रुंद जीभ होती.

त्याने तुकडा फडक्यावर ठेवला. ठेवला कसला, आपटलाच.

म्हणजे त्याचा स्वतःचा क्लॅरिनेट, ज्यावर त्याने आयुष्यातले सगळे बरे तास घालवले, तो एका हॉटेलच्या काउंटरवर टोपी घालून उभा होता. आणि शिल्लक कोणता राहिला, तर संप फोडणाऱ्याचा.

"काका, बरं वाटत नाहीये का? पाणी देऊ?"

"पाणी नको. हा विकणार का?"

"दिवा?"

"दिवा नाही रे! हा! असाच!"

दुकानदार विचारात पडला. हॉटेलवाल्याला दुसरं काहीतरी जोडून देता येईल, तो म्हणाला, पण मग किंमत दिव्याची पडेल. ती किंमत त्याने सांगितली. कवळीसोबत जो नवा चष्मा करायचा राहिला होता, तो आणखी वर्षभर राहिला असता.

"शुक्रवारपर्यंत सांगा," दुकानदार म्हणाला. "मग मला भोक पाडायला घ्यावं लागेल."

शिट्टी फणफणत बाहेर पडला आणि काचेची नळी न घेताच धुलाईघरात पोचला. तिथे त्याने ज्याच्या-त्याच्यावर तोंडसुख घेतलं, आणि मग नळी आणायला पुन्हा उलट पावली गेला. या वेळी त्या दुकानासमोरून जाताना त्याने मान वळवली नाही.

घरी बायको खिडकीपाशी बसून शर्टाची कॉलर उलटवत होती. त्याने चप्पल कोपऱ्यात भिरकावली तेव्हाच तिला कळलं.

"आज कोण?" तिने विचारलं.

त्याने सगळं सांगितलं. सांगताना दोनदा टेबलावर हात आपटला. बायको ऐकून घेऊन म्हणाली, "मग घ्या की."

"घेऊ? त्याचा? त्या माणसाच्या थुंकीने कुजलेलं लाकूड मी तोंडाला लावू?"

"मग नका घेऊ."

"आणि भोक पाडू देऊ त्याला?"

"अहो, मग माझ्याकडून तुम्हाला नेमकं काय हवंय?" तिने सुई कापडात टोचून ठेवली. आता तिच्याही आवाजाला धार आली होती. "इतकी वर्षं घरात तुम्ही फुंकलं काय, तर तुमचा राग. एवढी वर्षं एक साधी बासरी आणली नाहीत. मी म्हटलं होतं, स्वस्तातला एखादा घ्या, तर म्हणालात, माझा परत मिळाला तर घेईन. तुमचा परत मिळणार नाही. त्याचा दिवा झाला. आता हा घ्यायचा तर घ्या, नाहीतर गप्प बसा. पण रोज संध्याकाळी मला ते हॉटेल ऐकवू नका."

"म्हणजे मी बोलायचंही नाही?"

"बोला ना. ज्याचा होता त्याच्याशी जाऊन बोला. त्याला निदान कळू तरी द्या."

"त्याच्या दारात माझं पाऊल पडणार नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचं पाऊल त्या दारात पडलं. अंगठ्या एका छापखान्याच्या वर, तिसऱ्या मजल्यावर मुलाकडे राहायचा. जिना अरुंद, कठडा गार आणि चिकट. खालून यंत्राची धडधड पायांत चढत होती. शिट्टी प्रत्येक वळणावर दम घ्यायला थांबला आणि प्रत्येक वळणावर त्याला परत फिरावंसं वाटलं. पण इतकं चढून परत जायचं म्हणजे पायांचा अपमान, म्हणून तो वर गेला.

दार सुनेने उघडलं. "कोण हवंय, काका?"

"सासरे आहेत का तुझे?"

आतून आवाज आला, "येऊ दे. दम लागलेला ऐकूनच ओळखलं."

अंगठ्या जमिनीवर बसून बुटांची खोकी दुमडत होता. सपाट पुठ्ठ्यांची थप्पी एका बाजूला, तयार खोक्यांची भिंत दुसऱ्या बाजूला, मधे खळीचं भांडं. तो फार वाळला होता. हात मात्र तसेच चालत होते; तुटका अंगठा घडीवरून सर्रकन फिरायचा आणि कड धारदार बसायची.

"बस," तो म्हणाला.

"बसायला आलो नाही. तुझा क्लॅरिनेट सापडलाय."

अंगठ्याचा हात एक क्षण थांबला. "कुठे?"

शिट्टीने सांगितलं. ड्रिल, हॉटेल, शनिवार. "तुझा आहे. टेकूवरून ओळखला. आता तूच सांग काय करायचं."

अंगठ्याने पुढचा पुठ्ठा ओढला. "होऊ दे की दिवा."

"काय?"

"होऊ दे म्हटलं. निदान उजेड तरी पडेल त्याचा. माझ्या हातात होता तेव्हा कुणाला ऐकू आला तो?"

शिट्टीच्या अंगाचा तिळपापड झाला. "लाज नाही वाटत? त्याच्यासाठी स्क्रू ठोकत बसला होतास! आम्ही सगळे बघत होतो! आणि आता म्हणतोस दिवा होऊ दे? बरोबर आहे म्हणा. तुला कशाचं काय वाटणार? तू तर चाल अर्धी टाकून फाटकातून आत गेला होतास."

"आलं. शेवटी आलंच तिथे," अंगठ्या म्हणाला. "मला वाटलं जिन्यातच येईल."

"का गेलास?" शिट्टी ओरडला. खालचं छापयंत्र नेमकं थांबलं होतं, त्यामुळे ते सगळ्या इमारतीला ऐकू गेलं. "एवढं सांग. घरात कुणी आजारी होतं? साहेबांनी धमकी दिली होती? काहीतरी असेल ना!"

अंगठ्याने मान वर केली. तोही आता चिडला होता, पण त्याचं चिडणं गार होतं. "काही नव्हतं. मला तो संप पटला नव्हता. सभेत मी तसं म्हणालो होतो, तेव्हा तूच मला खाली बसवलंस. म्हणालास, ह्याला काय कळतं. मग मला पटेल ते मी केलं. तुला हवं असेल तर आजारी आई काढतो कुठून तरी. तेव्हा पण तुम्ही सगळे मला तेच विचारत होतात, की काहीतरी कारण सांग म्हणजे माफ करतो."

 इतकी वर्षं शिट्टीने त्या माणसाच्या तोंडी मनातल्या मनात पन्नास कारणं घातली होती आणि एकेक करून ती तुडवली होती. हे त्यात नव्हतं.

"आणि क्लॅरिनेटचं म्हणशील," अंगठ्या पुढे म्हणाला, "तर एकदा तरी, एकदा तरी तू म्हणालास का, की आज चाल तू घे, मी खालचं वाजवतो? सगळी वर्षं मी तुझ्या पायाखाली सतरंजी अंथरत बसलो. तुझा श्वास संपला की मी सूर ओढून धरायचो. तुला कळायचं पण नाही. पान मी उलटायचो, तेही तुझ्या मानेकडे बघून. नको मला तो. फुकट दिलास तरी नको."

"मी कुठे फुकट देतोय?" शिट्टी गरजला. "मी विकत घेणार आहे! माझ्यासाठी!"

हे बोलेपर्यंत त्याला स्वतःलाही ते माहीत नव्हतं. सून दारात चहाचे दोन कप घेऊन उभी होती. तो तिच्या बाजूने वाट काढत, कप हिंदकळवत, धाडधाड जिना उतरून गेला.

शुक्रवारी तो दुपारची सुट्टी होण्याआधीच दुकानात पोचला. दुकानदाराने क्लॅरिनेटच्या रुंद तोंडाकडचा भाग शिकंज्यात धरला होता आणि पेन्सिलीने खूण करत होता.

"सोड त्याला!"

"काका, तुम्ही काही कळवलं नाहीत, मला वाटलं..."

"शुक्रवार संपला का? दुपार तरी झाली का? सोड म्हणतो ना!"

दुकानदाराने शिकंजा सैल केला. पण आता तोही जरा दुखावला होता. "नीट बोलाल तर बरं होईल. मी काही तुमचा नोकर नाही. आणि घेण्याआधी वाजवून बघा. पुन्हा तक्रार नको. चीर आहे, मी लपवलेली नाही."

हे बरोबर होतं. शिट्टीने वाटेत वाद्यांच्या दुकानातून माउथपीसला बांधायची वेताची एक पत्ती आणली होती. त्याने ती तोंडात ओली केली, तुकडे जोडले. सांध्यांवरचं बूच इतकं वाळलं होतं की जोड डुगडुगत होते. पत्ती बांधली. अंगठा टेकूखाली दिला, तर हात वेडावाकडा झाला. तो टेकू दुसऱ्याच्या हाताचा होता. मग त्याने वरचे दात माउथपीसवर टेकवले आणि फुंकर मारली.

कवळी हलली आणि क्लॅरिनेट किंचाळला. दारापाशी एक बाई आणि तिचा नवरा टाइपरायटरचा दिवा बघत होते, ते दचकले. मग नवरा हसला. दुकानदारही हसू दाबत होता.

शिट्टीचे कान लाल झाले. त्याने पुन्हा फुंकलं, वरच्या सुरांत. पुन्हा तेच. ते सूर धरायला दात घट्ट लागतात, आणि त्याच्या तोंडातले दात त्याचे नव्हते. एकेकाळी जिथे तो डोळे मिटून चढायचा तिथे आता नुसती घसरगुंडी होती. त्याला वाटलं हे लाकूड गुडघ्यावर घेऊन मोडावं. हॉटेलवर, मॅनेजरवर, दाताच्या डॉक्टरवर, त्या पुठ्ठ्यावाल्यावर, सगळ्यांवर एकदम राग आला, आणि त्या रागातच त्याने ओठ सैल सोडले, सगळी बोटं दाबली आणि अगदी खालचा सूर फुंकला.

तो आला. खरखरत आला, चिरेतून थोडा गळत आला, पण आला. जाड, गडद, जमिनीलगतचा. टेबलावरचे स्क्रू डबीत थरथरले. शिट्टीने श्वास संपेपर्यंत तो धरला. हसणारा नवरा गप्प झाला होता, पण शिट्टीचं तिकडे लक्ष नव्हतं. हा सूर तो किती वर्षं शेजारून ऐकत होता आणि तो त्याने कधी ऐकला नव्हता, हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि ते कळल्याचाही त्याला राग आला.

"बांध," तो म्हणाला.

"किंमत थोडी कमी करतो, काका. चीर आहे म्हणून."

"दया दाखवू नकोस मला!"

"दया नाही हो. चीर आहे."

"मग कर कमी," शिट्टी म्हणाला आणि पैसे असे मोजले जणू दुकानदाराच्या कानाखाली एकेक वाजवतोय.

वाद्यं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याने चीर बुजवली, सगळ्या गाद्या बदलल्या, सांध्यांना नवं बूच लावलं. टेकू मूळ जागी बसवू का, असं त्याने विचारलं. शिट्टी दुकानात तीन फेऱ्या मारून आला आणि म्हणाला, "बसव. हात माझा आहे." पत्र्याची जीभ त्याने मागून घेतली आणि खिशात टाकली, तिचं काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं.

वाजवायला त्याने धुलाईघराची गच्ची निवडली, जेवणाच्या सुट्टीत, वाळत घातलेल्या चादरींच्या मागे. इस्त्रीवरच्या बायका पहिल्या आठवड्यात म्हणाल्या, "मामा, कुणाला मारताय का वर?" मुकादमाने येऊन सांगितलं की रुग्णांना त्रास होतो. शिट्टीने त्याला कठड्यापाशी नेऊन दाखवलं की रुग्णांच्या खिडक्या पलीकडच्या अंगाला आहेत, आणि ते दाखवताना एवढा आवाज चढवला की रुग्णांना त्रास झाला असेल तर त्याचाच झाला असेल. मुकादम निघून गेला.

चाल त्याच्याकडून होत नव्हती. वरच्या सुरांची वाट बंद होती ती बंदच राहिली. महिनाभर कवळीशी झगडून त्याने ते कबूल केलं. खालचे सूर मात्र दिवसागणिक भरत गेले. पण नुसते सूर घेऊन काय करायचं? बँडच्या जुन्या कवायतीच्या चालीतला खालचा भाग आठवायला तो बसला, तर काही आठवेना. चाल स्वतःची अख्खी पाठ होती. तिच्याखाली काय चालायचं, ते त्याने कधी ऐकलंच नव्हतं. सुरुवातीचे दोन ठेके आठवायचे, मग अंधार. त्याने अंदाजाने जुळवून पाहिलं, ते कानाला खोटं लागलं. चार दिवस तो घरीदारी धुसफुसत राहिला. पाचव्या दिवशी बायको म्हणाली, "ज्याला येतं त्याला विचारा. आणि मला सांगत बसू नका की पाऊल पडणार नाही."

छापखान्याचा जिना तसाच चिकट होता. या वेळी दार उघडंच होतं.

शिट्टी उंबऱ्यातच उभा राहिला. "कवायतीच्या चालीत तुझं खालचं कसं होतं?"

अंगठ्या खोकं दुमडत राहिला. "कशाला हवंय?"

"वाजवायला. आणखी कशाला?"

"तू? खालचं?"

"वरचं जमत नाही. दात नाहीत." हे सांगताना शिट्टीचा चेहरा असा झाला होता, जणू ते दात अंगठ्यानेच पाडले.

अंगठ्याने खोकं भिंतीवर रचलं. दुसरं घेतलं. तेही रचलं. शिट्टीला ठाऊक होतं की तो मुद्दाम थांबवतोय, आणि अंगठ्याला ठाऊक होतं की शिट्टीला ते ठाऊक आहे. शेवटी, मान खालीच ठेवून, अंगठ्याने गुणगुणायला सुरुवात केली. पुठ्ठ्यावर बोटांनी ठेका धरून, खालचा भाग, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती काही सतरंजी नव्हती. ती आडवळणं घेत जायची, मधेच चालीच्या विरुद्ध चढायची, जिथे शिट्टी श्वास घ्यायचा नेमकी तिथे फुलायची. शिट्टी दाराची चौकट धरून ऐकत राहिला.

"फार भरभर म्हणालास," संपल्यावर तो म्हणाला.

"तेवढ्याच गतीचं आहे. तू नेहमी रेंगाळायचास."

"मी रेंगाळायचो? मास्तरांनी मला कधी..."

"एकदाच सांगणार होतो. सांगितलं."

शिट्टी पाय आपटत निघाला. पहिल्या वळणापर्यंत त्याने ते गुणगुणत नेलं. दुसऱ्या वळणावर मधली चढण निसटली. तो थांबला, पहिल्यापासून म्हणून पाहिलं, पुन्हा त्याच जागी अडकलं. खालच्या यंत्राची धडधड आडवी येत होती आणि जे उरलं होतं तेही पुसत चाललं होतं. जिन्याच्या तळाशी पोचेपर्यंत त्याच्याजवळ पुन्हा तेच दोन ठेके राहिले.

त्याने छापखान्याला एक शिवी हासडली, अंगठ्याला एक, आणि कठडा धरून पुन्हा वर चढायला लागला.